मृदंग, हात आणि मेंदू : गोविंदराव बुऱ्हाणपूरकरांच्या निमित्ताने



ज्यांच्यामुळे आपल्या गावाचे नाव संगीताच्या दुनियेत पोहोचले, त्यांत मृदंगाचार्य गोविंदराव बुऱ्हाणपूरकर यांना अग्रमान द्यावा लागेल. १९५५ साली पखवाजवादनासाठी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा बुऱ्हाणपूर निमाड जिल्ह्यात होते आणि आपल्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ला, सीमा बदलल्या. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरातली मराठी मात्र तशीच राहिली आणि भजनातला मृदंगही राहिला.

गोविंदरावांची परंपरा नानासाहेब पानसे यांची. नानासाहेब वाईजवळच्या बावधनचे; एकोणिसाव्या शतकात ते इंदूरच्या होळकर दरबारी स्थिरावले. त्यांचे शिष्य सखारामपंत आगले आणि सखारामपंतांचे शिष्य गोविंदराव. म्हणजे वाईकडचा मृदंग नर्मदा ओलांडून इंदुरास गेला आणि तिकडून तापीकाठी आला. या सगळ्या वाटेवर तो कागदावरून फारसा गेला नाही. तो तोंडातून कानात आणि कानातून हातात गेला.

ही शिकवण्याची रीत नीट पाहण्यासारखी आहे. शिष्याने आधी बोल तोंडाने म्हणायचे, हाताने टाळी-खाली दाखवायची. चौतालाच्या बारा मात्रा तोंडात पक्क्या बसल्या की मग मृदंग पुढे घ्यायचा. उजव्या पुडीवर शाई, डाव्या पुडीवर कणीक. दोन्ही हातांची कामे वेगळी, आणि ‘धा’ वाजवायचा तर दोन्ही हात एकाच क्षणी पडले पाहिजेत. जरा मागेपुढे झाले की कान सांगतो, हात सुधारतो. हे हजारो वेळा घडते. भाषा, मोजणी, कान आणि दोन्ही हात यांना एकाच वेळी कामाला लावणारी अशी विद्या थोडीच असेल.

या मेहनतीने मेंदूत काय होते, हे पाहण्याची साधने गेल्या तीस-चाळीस वर्षांत मिळाली. डावा हात मेंदूच्या उजव्या भागाच्या ताब्यात असतो, उजवा हात डाव्या भागाच्या. दोन्ही भागांना तंतूंचा एक जाड पट्टा जोडतो. १९९५ साली जर्मनीतील संशोधकांना असे आढळले की सातव्या वर्षाआधी वाद्य शिकू लागलेल्या वादकांमध्ये या पट्ट्याचा पुढचा भाग अधिक मोठा असतो. त्याच वर्षी तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांची तपासणी झाली. डाव्या हाताची बोटे ज्यांच्या तारांवर सतत फिरतात, त्यांच्या मेंदूत त्या बोटांसाठी जास्त जागा राखलेली दिसली. उजव्या हाताच्या बाबतीत तसा फरक नव्हता. जितक्या लहान वयात सुरुवात, तितका परिणाम ठळक.

यावर कोणी म्हणेल की मेंदूच तसा होता, म्हणून ती माणसे वादक झाली. शंका रास्त आहे. तिचे उत्तर काही अंशी २००९मध्ये मिळाले. काही मुलांना सुमारे सव्वा वर्ष वाद्य शिकवले, आणि न शिकणाऱ्या मुलांशी त्यांची तुलना केली. आरंभी दोन्ही गटांच्या मेंदूत फरक नव्हता; नंतर हात आणि कान यांच्याशी संबंधित भागांत तो दिसू लागला.

पण येथे थोडे सावध राहिले पाहिजे. १९९३मध्ये मोझार्टचे संगीत ऐकून विद्यार्थ्यांचे एका प्रकारच्या कोड्यांतले गुण थोडा वेळ वाढल्याचे प्रसिद्ध झाले, आणि संगीत ऐकवले की मूल हुशार होते अशी समजूत जगभर पसरली. ती टिकली नाही. वाद्य शिकल्याने गणितात गुण वाढतात, हेही अलीकडच्या काटेकोर तपासण्यांत सिद्ध होत नाही. न्यूयॉर्कमधील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ वृद्धांच्या, २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाद्य वाजवणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. मात्र वाजवल्यामुळेच तो टळला, असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही.

मग मुलाला मृदंग शिकवायचा कशासाठी? परीक्षेतल्या गुणांसाठी शिकवला, तर दहावीचे वर्ष आले की क्लाससाठी तो खुंटीला लागणारच. माझे म्हणणे वेगळे आहे. वादकाचे ज्ञान त्याच्या हातात, कानात आणि मेंदूत घडलेले असते, आणि ते त्याच्याबरोबरच जाते. गोविंदरावांनी ‘मृदंग-तबला वादन सुबोध’ लिहून ठेवला. बोल त्यात वाचता येतात. पण डाव्या हाताचा भार किती, कणीक किती ओली, पुडी चढली की उतरली, हे पुस्तकातून कळणार नाही. त्यासाठी शेजारी बसलेला माणूस हवा.

आणि लहान वयातच हे उत्तम घडते, हे खरे असेल तर वेळ थोडा आहे. एखाद्या गावच्या भजनी मंडळात दहा-बारा वर्षे एकही मूल मृदंगापाशी बसले नाही, तर नुसती दहा वर्षे वाया गेली असे होत नाही, एक पिढीच निसटते. पुढे हौस आली तरी शिकवणारा नसतो.

दापोऱ्यासारख्या आपल्या गावांत मृदंग वाजवणारे जे कोणी वडीलधारे असतील, त्यांच्याजवळ घरातले सहा-सात वर्षांचे मूल संध्याकाळी अर्धा तास बसवावे. पहिले काही महिने त्याने बोल नुसते तोंडाने म्हणावेत. नानासाहेबांपासून गोविंदरावांपर्यंत ही विद्या अशीच समोरासमोर बसून आली. ती पुढे न्यायची तर सुरुवात तिथूनच करावी लागेल.