स्वयंपाकघराच्या दारात उभं सरकार

हॉटेलात गल्ल्यामागे, गणपतीच्या तसबिरीशेजारी परवान्याची एक फ्रेम टांगलेली असते. आपण तिच्याकडे बघतो का? नाही. आपलं लक्ष भज्यांकडे असतं. आज आपण त्या फ्रेममागचा प्रश्न बघू. दुसऱ्याच्या चुलीपर्यंत जाण्याचा शहराच्या आरोग्यखात्याचा अधिकार आला कुठून आणि तो थांबतो कुठं? त्यासाठी आपल्याला न्यूयॉर्कला जावं लागेल.

१९०६ चा उन्हाळा. लाँग आयलंडवरील ऑयस्टर बे इथं एका बँकरने भाड्याने घेतलेल्या घरात अकरापैकी सहा जणांना विषमज्वर झाला. शोध घ्यायला स्वच्छता-अभियंता जॉर्ज सोपर आले. त्यांचा संशय शेवटी स्वयंपाकिणीवर स्थिरावला. तिचं नाव मेरी मॅलन, आयर्लंडहून आलेली. तिने काम केलेल्या आठ कुटुंबांपैकी सातांत हा ताप येऊन गेला होता. पण ती स्वतः ठणठणीत! बघा, शिजलेल्या अन्नात जंतू मरतात. पण तिच्या हातचं पीच घातलेलं आइस्क्रीम घरात आवडीने खाल्लं जाई आणि त्याला आच लागत नाही.

सोपर मलमूत्राचे नमुने मागायला गेले तेव्हा तिने मांस कापायचा काटा उगारला. आपण तिच्या जागी असतो तर काय केलं असतं? ‘तू निरोगी आहेस आणि तरीही रोग देतेस’ हे वाक्य तिला तर्काच्या विरुद्धच वाटलं असणार. १९०७ मध्ये आरोग्यखात्याच्या डॉ. सारा जोसेफिन बेकर पोलिसांसह आल्या आणि मेरीची रवानगी नॉर्थ ब्रदर बेटावर झाली. १९०९ मध्ये ती न्यायालयात गेली आणि हरली. १९१० मध्ये ‘पुन्हा स्वयंपाक करणार नाही’ या अटीवर ती सुटली. आता कपडे धुण्याचं काम, म्हणजे कमाई कमी. १९१५ मध्ये एका प्रसूतिरुग्णालयात २५ जणांना विषमज्वर झाला, दोघे दगावले. स्वयंपाकघरात नाव बदलून मेरीच काम करत होती. तिला पुन्हा बेटावर नेलं, ते १९३८ मध्ये मरेपर्यंत.

जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ मध्येच सांगून ठेवलं होतं की, दुसऱ्याला इजा होत असेल तरच व्यक्तीच्या स्वातंत्र्यात हात घालावा. या कसोटीवर खात्याचा हस्तक्षेप योग्यच ठरतो. पण किती हस्तक्षेप? त्याच शहरात आल्फोन्स कोटिल्स नावाचे एक बेकरीमालक होते. तेही रोगवाहक, तेही मनाई मोडून पदार्थ करताना सापडले. न्यायालयाने त्यांना समज देऊन सोडलं. तेव्हा शहराच्या यादीत असे शेकडो वाहक होते. जन्मभराचं बेट मात्र मेरीच्या वाट्याला आलं. ती बाई होती, परदेशी होती, मोलकरीण होती. नियम एकच, बरं का. पण तराजू वेगळा.

आता आपल्याकडे या. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखालचे परवान्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. त्यांनुसार अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, त्याला विषमज्वराच्या गटातल्या रोगांची लस द्यावी, आजारी माणसाला अन्नापासून दूर ठेवावं. धार्मिक वा सामाजिक समारंभात अन्न वाटणारेही नोंदणीच्या कक्षेत आहेत. म्हणजे मंडपातली पंगतसुद्धा! हे सगळं हवंच. मेरीने आपल्याला ते शिकवलं.

पण अर्धाच धडा आपण शिकलो, असं आम्हांला वाटतं. वाढपी पोऱ्याला ताप आला आणि त्याने तो लपवला, तर दोष कुणाचा? रजा घेतली की त्याचा रोज बुडतो. मग तो लपवणारच. मेरीनेही तेच केलं होतं. त्या दिवसाचा रोज ज्याला मिळतो, तो आपणहून सांगेल. आणि आपणहून सांगणारा कामगार दहा निरीक्षकांना भारी. तेव्हा पुढच्या वेळी लग्नाचं जेवण ठरवताना केटररला परवाना जरूर विचारा, आणि जोडीला एवढंही विचारा: तुमचा आचारी आजारी पडला तर त्याला पगार मिळतो का हो?