शिकारी रायफल : ॲक्शनची निवड

काडतूस चेंबरमध्ये चढवणे, गोळी सुटताना चेंबर घट्ट बंद ठेवणे आणि रिकामे काडतूस बाहेर फेकणे ही कामे करणाऱ्या रायफलीच्या भागाला ॲक्शन म्हणतात. बोल्ट, लिव्हर, पंप, अर्धस्वयंचलित, एकबारी आणि दुनळी हे तिचे मुख्य प्रकार. कोणता निवडायचा, हे जनावर किती लांबून दिसणार आणि दुसरी गोळी किती लवकर लागणार यावर ठरते.

आजच्या बोल्ट ॲक्शनचा पाया जर्मनीच्या पॉल माउझर यांनी घातला. १८९८ साली जर्मन सैन्याने स्वीकारलेल्या त्यांच्या रायफलीत बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन भक्कम अडण्या आहेत आणि मागे एक तिसरी, पुढच्या निकामी झाल्याच तर आधाराला. खरी करामत मात्र बाजूच्या लांब पोलादी पंजाची. मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसाची कड तो वाटेतच पकडतो आणि बाहेर फेकेपर्यंत सोडत नाही. त्यामुळे घाईत बोल्ट अर्धवट ओढला गेला, तरी दुसरे काडतूस पहिल्याच्या पाठीत घुसून अडकत नाही. हिंस्र श्वापदासमोर या एका गुणापुढे बाकीची सोय दुय्यम ठरते. अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीने १९३६च्या मॉडेल ७० मध्ये असाच पंजा ठेवला होता. १९६४ साली खर्च वाचवण्यासाठी तो काढला, तेव्हा जाणकार गिऱ्हाइकांनी जुन्याच रायफली शोधून घ्यायला सुरुवात केली.

कुमाऊँमधले शिकारी जिम कॉर्बेट यांची ०.२७५ रिग्बी ही रायफल माउझर ॲक्शनचीच. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल ती त्यांना १९०७ साली भेट मिळाली. १९३० मध्ये चौगडच्या नरभक्षक वाघिणीशी अचानक गाठ पडली, तेव्हा त्यांच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी होती. एका हाताने हळूहळू वळवून त्यांनी रायफल झाडली. जड दुनळी अशी एका हातावर पेलणे फार अवघड.

तरीही ०.४५०/४०० ची दुनळी कॉर्बेट यांनी बाळगलीच. दुनळीत दोन नळ्या, दोन स्वतंत्र चाप आणि बार उडवणाऱ्या दोन वेगळ्या यंत्रणा असतात. एक बाजू बिघडली तरी दुसरी उडते; दुसऱ्या गोळीसाठी बोटच काय ते सरकवायचे. हत्ती, गवा किंवा जखमी वाघाच्या मागावर झाडीत शिरताना हा भरवसा मोलाचा. मात्र दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी पडाव्यात म्हणून त्या हाताने जुळवाव्या लागतात, त्यामुळे किंमत भारी, आणि दोन बारांनंतर रायफल उघडून पुन्हा भरावी लागते.

लिव्हर ॲक्शन ही अमेरिकी जंगलाची रायफल. जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली विंचेस्टर १८९४ सडपातळ, घोड्याच्या खोगिरालगत सहज मावणारी आणि दाट रानातल्या हरणासाठी पुरेशी. तिची मर्यादा मॅगझिनमध्ये आहे. नळीखालच्या नळकांड्यात काडतुसे एकामागे एक बसतात. टोकदार गोळी असेल, तर बाराच्या धक्क्याने ती पुढच्या काडतुसाच्या टोपीवर आदळून स्फोट होण्याचा धोका. म्हणून अशा रायफलीत चपट्या नाकाची गोळी घालतात, आणि तिचा वेग हवेत लवकर मावळतो. पुढे हॉर्नडी कंपनीने मऊ प्लास्टिकच्या टोकाची गोळी आणली, तेव्हा ही अडचण पुष्कळशी सुटली.

एकबारी रायफल आखूड, हलकी आणि साधी. १९६७ साली रुगर कंपनीने नंबर १ हे मॉडेल काढून तिच्याविषयी नवी हौस जागवली. पहिलीच गोळी जपून मारणाऱ्या, डोंगरात चढणाऱ्या माणसाला ती शोभते.

युरोपात रानडुकरांच्या हाक्यात जनावर क्षणभरच वाटेवर दिसते. तिथे बोल्ट न वळवता सरळ मागे ओढायची जर्मन ब्लेझर आर ८ (२००८) लोकप्रिय आहे. अर्धस्वयंचलित रायफलही चालते, पण १९७९च्या बर्न करारात दोनपेक्षा जास्त काडतुसांचे मॅगझिन असलेली अर्धस्वयंचलित शस्त्रे निषिद्ध साधनांच्या यादीत आहेत. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात हरणासाठी अर्धस्वयंचलित रायफलीला मनाई असल्याने पंप ॲक्शनची रेमिंग्टन ७६० घरोघरी पोहोचली. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ची त्यातली दुरुस्ती यांनी हौशी शिकारच थांबवली. कॉर्बेट यांची रिग्बी २०१५ मध्ये ती घडवणाऱ्या कंपनीकडे परत गेली.