तळटीप १२ : मॅकनॉटन यांचे टिपण

१२. हे टिपण स्कॉटलंड यार्डच्या मेलव्हिल मॅकनॉटन यांनी फेब्रुवारी १८९४मध्ये लिहिले. ‘जॅक द रिपर’ म्हणून त्यात ड्रुइट, कॉस्मिन्स्की आणि ऑस्ट्रॉग या तिघांवर संशय आहे, आणि हौशी संशोधकांची हमरीतुमरी बहुतेक इथूनच सुरू होते. व्हाइटचॅपलचे खून १८८८चे. मॅकनॉटन खात्यात आले १८८९मध्ये. ड्रुइट डॉक्टर असल्याचे ते लिहितात. तो बॅरिस्टर होता, शाळेत शिकवीही. ऑस्ट्रॉग तर तेव्हा फ्रान्सच्या तुरुंगात होता, हे पुढे उघड झाले. तरी ड्रुइटपक्षीय टिपण सोडत नाहीत. डिसेंबर १८८८अखेर त्याचे प्रेत थेम्समध्ये सापडले आणि घरच्यांनाही त्याचा संशय होता, ही मॅकनॉटन यांची ‘खासगी माहिती’, यावर त्यांची भिस्त. ती कोणी दिली, हे टिपणात नाही. —संपा.