पार्श्वभूमीचं कुलूप

फोटोशॉपमध्ये एखादा साधा जेपेग फोटो उघडला की लेयरच्या यादीत एकच ओळ दिसते : 'बॅकग्राउंड'. तिच्या शेजारी एक छोटं कुलूप असतं. फोटोत आजी असो, बैलजोडी असो की लग्नाचा मांडव, सॉफ्टवेअरच्या लेखी ते सगळं मिळून पार्श्वभूमीच. त्या ओळीवर दोनदा क्लिक केलं की कुलूप निघतं. मग ती ओळ वरखाली सरकवता येते, पारदर्शक करता येते, तिच्यातला माणूस कापून भलतीकडे नेता येतो.

मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि स्मरणिका करतो, त्यामुळे हे कुलूप दिवसातून अनेकदा काढतो. कोलाजची पार्श्वभूमी करणं हे या धंद्यातलं सगळ्यात कमी मानाचं काम. जुने फोटो, पत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं एकमेकांवर रचायची, कडा विरघळवायच्या, सगळ्यांवर एकच तपकिरी छटा चढवायची आणि वर ठसठशीत अक्षरांत शीर्षक टाकायचं. बघणारा शीर्षक वाचतो. मागचं त्याला 'जुनं काहीतरी' एवढंच जाणवतं. पण माणसाच्या मागे काय ठेवायचं, आणि माणसालाच मागे कधी ढकलायचं, हे प्रश्न संगणकाच्या खूप आधीचे आहेत. त्यांतला एक महत्त्वाचा धडा तर आपल्या मुंबईतच गिरवला गेला.

सुरुवात अर्थात तांत्रिक अडचणीतून झाली. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कोलोडियनची ओली पद्धत जाहीर केली. काचेवर चिकट द्राव पसरायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळण्याआधी अंधाऱ्या खोलीत धुवायची. ही काच निळ्या प्रकाशाला फार हळवी होती. जमीन नीट उमटेपर्यंत आकाश पार पांढरंफटक व्हायचं. म्हणून गुस्ताव्ह ल ग्रेसारखे छायाचित्रकार समुद्राची एक आणि ढगांची दुसरी अशा दोन काचा वापरून एकच चित्र छापू लागले. ज्या काचेतला जो भाग नको तो झाकायचा, उरलेला कागदावर उमटवायचा, मग उमटलेला भाग झाकून दुसरी काच ठेवायची. फोटोशॉपमधला 'मास्क' म्हणजे हेच झाकणं.

ढगांवरून माणसांपर्यंत यायला वेळ लागला नाही. १८५७ मध्ये ऑस्कर रेलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून 'टू वेज ऑफ लाइफ' हे भलंमोठं चित्र केलं. एकीकडे सदाचार, दुसरीकडे दुराचार आणि मध्ये दोन तरुण. व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. पुढच्या वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्हमधून मरणाच्या दारातली एक मुलगी आणि तिच्याभोवतीचं कुटुंब उभं केलं, तेव्हा मात्र लोक बिथरले. चित्रकाराने मृत्यू रंगवला तर चालतं, पण कॅमेऱ्याने दाखवलेला मृत्यू खरा हवा, अशी ती अपेक्षा होती. तरी या दोघांची बाजू सरळ होती. ते कलेचा दावा करत होते.

मुंबईत विल्यम जॉन्सनने ज्ञानाचा दावा केला. जॉन्सन इथे सरकारी नोकरीत कारकून होता आणि पुढे छायाचित्रणात शिरला. १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, तिच्या सुरुवातीच्या मंडळींत तो होता. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही याच वर्तुळातले. विल्यम हेंडरसनबरोबर जॉन्सनने १८५६ ते १८५८ या काळात 'इंडियन अॅमॅचर्स फोटोग्राफिक अल्बम' काढला. मग १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनहून त्याचे दोन खंड निघाले : 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्ज, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे'. मुंबईत दिसणाऱ्या जातीजमातींची ही सचित्र ओळख होती. पहिला खंड गुजरात, कच्छ आणि काठेवाडकडच्या लोकांचा, दुसरा महाराष्ट्रातल्या.

या पुस्तकातली चित्रं जोडलेली आहेत. माणसं एकीकडे टिपलेली आणि त्यांच्यामागची मुंबई दुसरीकडे. त्यामागची सोय समजण्यासारखी आहे. ओल्या काचा आणि अंधारी खोली घेऊन भर रस्त्यात लोकांना काही सेकंद स्तब्ध उभं करण्यापेक्षा त्यांना बैठकीसाठी बोलावणं सोपं. पण परिणाम काय होतो ते पाहा. लाल पगडीतला भाटिया व्यापारी आपल्या पेढीवर कसा बसत असेल हे आपल्याला दिसतच नाही. छायाचित्रकाराला तो जिथे शोभेल असं वाटलं, तिथे तो उभा दिसतो. बहुतेक चित्रांखाली जातीचं नाव आहे, माणसाचं नाही. नाव नसलेल्या माणसाला कोणत्याही देखाव्यापुढे उभं करता येतं. त्याचा पत्ता कोण विचारणार? पुढे १८६८ ते १८७५ मध्ये सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. माणूस म्हणजे नमुना ही दृष्टी तोवर पक्की झाली होती.

आता याच भाटियांची दुसरी बाजू. मुंबईतले भाटिया बहुतांशी पुष्टिमार्गी, म्हणजे नाथद्वाऱ्याच्या श्रीनाथजींचे भक्त. नाथद्वाऱ्याचे चित्रकार यात्रेकरूंसाठी 'मनोरथ' नावाची चित्रं करत. मध्ये श्रीनाथजी, बाजूला हात जोडून उभा असलेला भक्त आणि त्याचं कुटुंब. फोटो आल्यावर या चित्रकारांनी सरळ भक्ताचा चेहरा फोटोतून कापला, कागदावर डकवला आणि खालचं अंग, कपडे, दागिने रंगाने काढले. कुठे चेहरा करडा आणि पागोटं झगझगीत, अशी ती गंमत असते. पिकासोने १९१२ मध्ये वेताच्या विणीचं छापील मेणकापड चित्रात चिकटवलं, तिथपासून कलेच्या पुस्तकांत कोलाजचा इतिहास सुरू होतो. नाथद्वाऱ्याला त्यात सहसा जागा नसते.

तंत्र पाहिलं तर जॉन्सन आणि नाथद्वारा यांत फार अंतर नाही. दोन्हीकडे माणूस एका जागचा आणि मागचा देखावा दुसऱ्या जागचा. फरक आहे तो देखावा कोणी निवडला याचा. मनोरथात भक्ताने स्वतः पैसे मोजून सांगितलेलं असतं, मला तिथे उभं करा. गावोगावच्या स्टुडिओंतल्या रंगवलेल्या पडद्यांचंही तसंच. ताजमहाल, कारंजं, विमान यांपुढे उभा राहणारा माणूस कोणालाच फसवत नसतो, तो इच्छा नोंदवत असतो. ख्रिस्तोफर पिनी यांनी १९९७ च्या 'कॅमेरा इंडिका'त मध्य प्रदेशातल्या नागद्याच्या स्टुडिओंबद्दल लिहिताना ही बाजू फार चांगली उलगडली आहे.

फोटोशॉप या दोन्ही घराण्यांचा वारस आहे. थॉमस नोल मिशिगन विद्यापीठात पीएचडी करत होता आणि त्याचा भाऊ जॉन चित्रपटांच्या स्पेशल इफेक्ट्सचं काम करत होता. दोघांनी मिळून केलेला हा प्रोग्रॅम फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आला. सुरुवातीच्या आवृत्त्यांत एखादा तुकडा चिकटवून निवड सोडली की तो खालच्या चित्रात कायमचा मुरायचा. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले आणि प्रत्येक तुकडा सुटा राहू लागला. त्याबरोबर एक नवं बटण रोजच्या कामात आलं : लेयरची ऑपॅसिटी. शंभरावर माणूस ठसठशीत, पन्नासवर धूसर, पंधरावर कागदाचा पोत. जॉन्सनने माणसांमागची पार्श्वभूमी बदलली होती. आता माणसाचीच पार्श्वभूमी करणं बोटाच्या एका हालचालीचं काम झालं.

हे मला एका शाळेच्या शताब्दी स्मरणिकेच्या वेळी नीट कळलं. मुख्याध्यापकांच्या खोलीतले चौकटीतले ग्रुप फोटो काचा काढून स्कॅन केले होते. मुखपृष्ठावर त्यांचा कोलाज आणि वर शाळेचं नाव असं ठरलं होतं. नाव वाचता यावं म्हणून सगळे फोटो अठरा टक्क्यांवर आणले. समितीतल्या एक निवृत्त बाई शेजारी बसून पाहत होत्या. त्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे घंटा वाजवायचे. यांना का पुसलंस?"

"पुसलं नाही बाई, फिकट केलंय. नाहीतर अक्षरं दिसणार नाहीत."

"ते कळलं रे. पण हे आधीच फिकट होते."

मी मूळ फोटो उघडला. खाली पुठ्ठ्यावर सुबक अक्षरांत 'बसलेले (डावीकडून)' आणि 'उभे' अशा दोन ओळी. शिक्षकांची नावं, पदव्या, सगळं होतं. दोन टोकांना उभ्या असलेल्या दोघांपुढे नुसतं 'शिपाई'. मागे दारात पाण्याची कळशी घेतलेली एक बाई होती, तिचा तर उल्लेखही नव्हता.

मुखपृष्ठ आहे तसंच ठेवायचं ठरलं, कारण बाईंनाही शाळेचं नाव वाचता यायला हवंच होतं. मात्र मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला मी त्याच कोलाजचं नुसत्या रेषांचं चित्र केलं, प्रत्येक डोक्यावर एक अंक घातला आणि शेजारी यादी छापली. बाईंनी दोन दिवस फोन केले. एका शिपायांचं पूर्ण नाव त्यांना स्वतःलाच आठवत होतं, दुसऱ्यांचं एका माजी विद्यार्थ्याने सांगितलं. फाइलमधल्या लेयरनाही मी 'लेयर १२', 'लेयर १३' न ठेवता माणसांची नावं दिली. पुढे कोणी हा कोलाज उघडला तर कुणाला फिकट करतोय हे त्याला वाचावं तरी लागेल.

कळशीवाल्या बाईंचं नाव शेवटपर्यंत मिळालं नाही. यादीत त्यांच्या अंकापुढे आम्ही एक रिकामी रेघ छापली. एखाद्या घरात कोणाला ते नाव आठवलं, तर पेनाने लिहायला तेवढी जागा पुरेल.