कारखान्याच्या गावाला फुटलेली शिंगं

जपानच्या इबाराकी प्रांतात 'काशिमा सॉकर स्टेडियम' नावाचं एक रेल्वे स्टेशन आहे. एरवी तिथे प्रवासी गाड्या थांबतच नाहीत. फलाटाशेजारून निघून जातात. सामना असला की तेवढ्यापुरतं स्टेशन जागं होतं. १९७० साली ते सुरू झालं तेव्हा त्याचं नाव होतं किता-काशिमा, म्हणजे उत्तर काशिमा, आणि तिथून जायचा तो समुद्रकाठच्या कारखान्यांचा माल. माणसांसाठी ते उघडलं १९९४ साली. जपानमधल्या सर्वांत यशस्वी फुटबॉल क्लबांपैकी एक, काशिमा अँटलर्स, याच्या वंशावळीचा शोध घ्यायचा तर या मालधक्क्यापासूनच सुरुवात करावी लागते.

क्लबचा मूळपुरुष मात्र काशिमाचा नव्हे. सुमितोमो मेटल या पोलाद कंपनीने १९४७ साली ओसाकात आपल्या कामगारांचा फुटबॉल संघ काढला. त्या काळी काशिमा म्हणजे वाळूच्या टेकड्या, त्यांच्या आडोशाला पिकणारी रताळी आणि मासेमारी. नाव होतं ते फक्त काशिमा जिंगू या पुरातन देवळाचं. इथला देव ताकेमिकाझुची हा योद्ध्यांचा देव, आणि हरीण हा त्याचा दूत. आठव्या शतकात हा देव पांढऱ्या हरणावर बसून नारा इथल्या कासुगा देवळात गेला, अशी आख्यायिका आहे. नारातली पर्यटकांच्या हातातला खाऊ ओढणारी हरणं त्या अर्थाने काशिमाचीच लेकरं.

या किनाऱ्याचं रूप साठच्या दशकात पालटलं. प्रांताचे गव्हर्नर इवाकामी निरो यांनी घोषणा दिली : शेतीही टिकेल आणि उद्योगही येतील. प्रत्यक्षात जमीनमालकांनी आपल्या जमिनीतला ४० टक्के भाग विकासासाठी द्यायचा आणि बदल्यात उरलेली ६० टक्के जमीन दुसरीकडे घ्यायची, असा तोडगा निघाला. नैसर्गिक बंदर नव्हतंच, तेव्हा सरळ किनारा आतपर्यंत खणून बंदर तयार केलं. १९६९ साली ते खुलं झालं, सुमितोमोचा अवाढव्य कारखाना उभा राहिला, झोतभट्ट्या पेटल्या. १९७५ साली कंपनीने फुटबॉलचा संघही ओसाकाहून इथे हलवला. यंत्रं आली, माणसं आली, त्यांच्या सामानाबरोबर संघही आला म्हणायचा.

त्या वेळचं जपानी फुटबॉल म्हणजे सगळा कंपन्यांचा मामला. १९६५ पासून चाललेल्या जपान सॉकर लीगमध्ये मित्सुबिशी, फुरुकावा, यानमार, निसान असे संघ. खेळाडू हे कंपनीचे पगारी नोकर. काम उरकून सराव करायचा आणि खेळायचं वय सरलं की कचेरीत नाहीतर कारखान्यात पूर्ण वेळ रुजू व्हायचं. प्रेक्षकांत बहुतेक कंपनीचेच लोक. सुमितोमोचा संघ यातही फारसा चमकला नाही. पहिल्या विभागात चढायचा आणि पुन्हा घसरायचा, असंच त्याचं चाललं होतं.

खरी अडचण फुटबॉलची नव्हतीच. पगार होते, घरं होती, पण संध्याकाळी करायचं काय? टोकियोला जायचं तर बसने दोन तास. सिनेमा, दुकानं, गर्दी, जे काही विशीतल्या माणसाला हवं असतं ते सगळं तिकडे. तरुण मुलं गावात टिकेनात. कंपनी, प्रांत आणि आसपासच्या नगरपालिका, तिघांनाही हीच काळजी होती. या क्लबच्या जन्माचं कारण मला इथे दिसतं. फुटबॉलवेड्या गावाने क्लब काढला, असं इथे झालेलं नाही. कारखान्याला माणसं टिकवायची होती. त्यावरचा एक उपाय म्हणून फुटबॉल आला. प्रेम नंतर जडलं.

१९९० च्या आसपास जपानमध्ये व्यावसायिक लीगची, म्हणजे जे-लीगची, तयारी सुरू झाली. सूत्रं होती कावाबुची साबुरो यांच्याकडे. हे स्वतः फुरुकावाचे जुने खेळाडू, त्यामुळे कंपनी-फुटबॉलची नस त्यांना पक्की ठाऊक. संघाच्या नावात कंपनीचं नाव चालणार नाही, संघाला एक हक्काचं गाव पाहिजे आणि त्या गावात स्टेडियम पाहिजे, या त्यांच्या अटी होत्या. वीसेक अर्ज आले, घ्यायचे होते दहा. अशा वेळी दुसऱ्या विभागातला, पंचेचाळीस हजार वस्तीच्या गावातला संघ दारात आलेला पाहून कावाबुची म्हणाले, की तुमची शक्यता ९९.९९९९ टक्के नाही. उरलेला अंश कशावर, तर पंधरा हजार प्रेक्षक बसतील असं, सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर असलेलं, फक्त फुटबॉलसाठीचं स्टेडियम बांधलंत तर. असं स्टेडियम तेव्हा अख्ख्या जपानमध्ये नव्हतं. नकार द्यायची ही सभ्य रीत होती, हे उघड आहे.

पण काशिमाकरांनी ती अट शब्दशः घेतली. इबाराकी प्रांताने बांधकामाची जबाबदारी उचलली. फेब्रुवारी १९९१ मध्ये दहा संघांची नावं जाहीर झाली तेव्हा त्यांत काशिमा होतं. ऑक्टोबरमध्ये क्लबची स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. भागधारकांत सुमितोमोबरोबर स्थानिक नगरपालिकाही आल्या. नाव ठेवलं अँटलर्स, हरणाची शिंगं. देवळातल्या हरणांचा मान त्यात आलाच, शिवाय इबाराकी या नावातल्या काट्यांचाही संदर्भ जोडला गेला.

एवढ्यावरही क्लब उभा राहिला असता की नाही, शंका आहे. झिको आला म्हणून राहिला. तीन विश्वचषक खेळलेला, फ्लामेंगोचा देव मानला गेलेला हा ब्राझिलियन खेळाडू मे १९९१ मध्ये वयाच्या अडतिसाव्या वर्षी सुमितोमोच्या कंपनी-संघात दाखल झाला. मैदानातून तो निवृत्त झाला होता आणि मधल्या काळात ब्राझील सरकारात क्रीडाखातं सांभाळून मोकळा झाला होता. जपानच्या दुसऱ्या विभागात, मूठभर प्रेक्षकांसमोर, त्याने एका हंगामात बावीस सामन्यांत एकवीस गोल मारले. गोलांपेक्षा महत्त्वाची त्याची कटकट. सराव कसा करायचा, विश्रांती कशी घ्यायची, बूट कसे सांभाळायचे, पासचा वेग किती असावा, सगळ्यात त्याचं लक्ष. ज्यांच्यासाठी फुटबॉल हे कामानंतरचं काम होतं, त्यांना हे प्रकरण जड गेलं असणार.

संघाची भरतीही त्याच सुमारास झाली. होंडा कंपनीने व्यावसायिक लीगमध्ये उतरायचं नाकारलं, त्यामुळे तिथले प्रशिक्षक मियामोतो मासाकात्सु, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवणाऱ्या जपानी संघातले, काशिमात आले. त्यांच्यामागोमाग कुरोसाकी, हासेगावा, होंडा यासुतो असे चांगले खेळाडूही आले. तरी १९९३ च्या सुरुवातीला इटलीतल्या सराव दौऱ्यात क्रोएशियाच्या राष्ट्रीय संघाने त्यांना ८-१ असं धुतलं. झिको संतापला. लीग सुरू व्हायला तेव्हा काही महिनेच उरले होते.

१६ मे १९९३. नव्या, छपराखालच्या स्टेडियममध्ये लीगचा पहिला सामना, समोर नागोया ग्राम्पस एट. नागोयाकडे टोयोटाचा पैसा आणि इंग्लंडचा गॅरी लिनेकर. लोक लिनेकरला पाहायला आले होते, असं म्हणायला हरकत नाही. चाळिशीच्या झिकोने तीन गोल मारले, जे-लीगच्या इतिहासातली ती पहिली हॅट्‌ट्रिक. उरलेले दोन गोल त्याचा सहकारी आल्सिंदो याने मारले. निकाल ५-०. हंगामाचं पहिलं सत्रही काशिमानेच जिंकलं. ज्या संघाला लीगमध्ये जागा मिळायची शक्यताच जवळजवळ नव्हती तो सगळ्यांच्या डोक्यावर बसला. मराठीत याला शिंगं फुटणं म्हणतात. इथे ती नावातच होती.

झिकोला संत करण्याची गरज नाही. जानेवारी १९९४ मध्ये वर्डी कावासाकीविरुद्धच्या अंतिम लढतीत काशिमाविरुद्ध पेनल्टी दिली गेली. वर्डीचा काझु मिउरा चेंडू ठेवून उभा होता. झिको चालत गेला आणि त्या चेंडूवर थुंकला. दुसरं पिवळं कार्ड, बाहेर. विजेतेपद वर्डीला. काशिमात आज त्याचा पुतळा आहे, आणि ड्रेसिंग रूममध्ये त्याच्या शिकवणीचे तीन शब्द : समर्पण, प्रामाणिकपणा, आदर. चेंडूवर थुंकलेला माणूस आदर शिकवतो हे जरा गमतीचं वाटतं, पण हरणं ज्याला इतकं झोंबतं त्याच्याकडूनच काशिमा जिंकायला शिकलं. गोव्याच्या वाचकांना हा माणूस वेगळा सांगायला नको. २०१४ ते २०१६ या काळात तो एफसी गोवाचा प्रशिक्षक होता, आणि २०१५ ची अंतिम लढत फातोर्ड्यावर शेवटच्या मिनिटांत चेन्नईयिनने कशी हिसकावली, ते आठवून अजूनही हळहळणारे पुष्कळ असतील.

झिको १९९४ मध्ये निवृत्त झाला, तरी ब्राझीलशी लागलेली नाळ तुटली नाही. जोर्जिन्यो, लिओनार्दो, पुढे प्रशिक्षक म्हणून तोनिन्यो सेरेझो आणि ओस्वाल्दो दे ओलिवेरा. पहिलं लीग-विजेतेपद १९९६ साली. २००० साली लीग, लीग कप आणि सम्राट चषक तिन्ही. २००७ ते २००९ सलग तीन विजेतेपदं. २०१६ च्या क्लब विश्वचषकात अंतिम फेरी गाठणारा हा पहिला आशियाई संघ. शिबासाकी गाकुने दोन गोल मारून रेआल माद्रिदला मागे टाकलं होतं, मग जादा वेळेत रोनाल्दोने हिशेब चुकता केला, ४-२. आणि मूळ दहापैकी वरच्या विभागातून आजवर एकदाही न घसरलेले दोनच क्लब, योकोहामाचा मारिनोस आणि हा.

गाव बदललं का? स्टेडियमच्या आतल्या गल्लीत मोत्सुनी विकणारे ठेले असतात. मोत्सुनी म्हणजे आतड्यांचा मिसो घातलेला रस्सा. मोठ्या पातेल्यात तो उकळत असतो, वरून कांद्याची पात, आणि थंडीच्या दिवसांत समोर ही लांब रांग. पाहुण्या संघाचे समर्थकही त्या रांगेत उभे राहतात. २००२ च्या विश्वचषकासाठी स्टेडियम चाळीस हजारांचं केलं. एवढ्या खुर्च्या रोज भरणं या वस्तीला शक्य नाही, म्हणून २००६ पासून व्यवस्थापन क्लबनेच घेतलं आणि स्टेडियममध्येच व्यायामशाळा, दवाखाना सुरू केला. गुडघेदुखीची आजीबाई आणि सेंटर फॉरवर्ड एकाच इमारतीत.

काशिमाच्या देवळात एक दगड आहे, कानामे-इशी. जमिनीखालच्या प्रचंड माशाला तो दाबून धरतो आणि भूकंप थोपवतो, अशी श्रद्धा. ११ मार्च २०११ च्या भूकंपात माशाने दगडाला जुमानलं नाही. देवळाची दगडी कमान कोसळली, स्टेडियमचं नुकसान झालं आणि आशियाई स्पर्धेचे घरचे सामने टोकियोत खेळावे लागले. कर्णधार ओगासावारा मित्सुओ ईशान्य जपानमधल्या तोहोकूचा. ज्या ओफुनातोत त्याचं शाळकरी फुटबॉल झालं ते गाव त्सुनामीत सापडलं होतं. मदतकार्यात तो पुढे होता.

पोलादाच्या बाजूने मात्र घराणं विरत गेलं. २०१२ साली सुमितोमो मेटल निप्पॉन स्टीलमध्ये विलीन झाली. २०१९ मध्ये क्लबचे ६१.६ टक्के भाग मर्कारी या कंपनीने सुमारे १६० कोटी येनला घेतले. मर्कारी म्हणजे मोबाइलवरचा जुना बाजार, वापरलेले कपडे आणि खेळणी विकायचं ॲप. क्लब विकत घेतला तेव्हा ती कंपनी जेमतेम सहा वर्षांची होती. पोलाद कंपनीकडे साधारण ११ टक्के भाग उरले. २०२१ मध्ये निप्पॉन स्टीलने काशिमातल्या दोन झोतभट्ट्यांपैकी एक बंद करायचं जाहीर केलं. क्लबने त्याच वर्षी आपली तिशी साजरी केली.