मालेरावांच्या उशाशी

आजारी मूल आणि त्याच्यासाठी जिवाचे रान करणारी घरची माणसे, हा चित्रपटाचा तसा हुकमी विषय. 'श्वास' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. संदीप सावंत यांचा हा चित्रपट २००४ साली आला. त्यात आईबापांच्या जागी आजोबा आहेत. शेजारच्या कोकणातला हा म्हातारा नातवाला घेऊन शहरातल्या इस्पितळात येतो आणि त्याला कळते की डोळ्यांच्या कर्करोगातून पोराचा जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. इंग्रजीतला 'लोरेन्झोज् ऑइल' (१९९२) हा ओदोने दांपत्याच्या सत्यकथेवर बेतलेला. त्यांच्या मुलाला मेंदू पोखरणारा अत्यंत दुर्मीळ आजार होतो, डॉक्टर हात टेकतात आणि वैद्यकाचा गंध नसलेले आईबाप ग्रंथालयात ठाण मांडून स्वतःच उपाय शोधू लागतात.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. कुणीतरी डॉक्टर समोर बसवून सांगतो की या आजाराचे नाव अमुक. ते ऐकून आभाळ कोसळते हे खरे, पण पाय टेकायला थोडी जमीनही त्या नावामुळेच मिळते.

आणि नावच नसेल तर?

आम्हा कारकुनांना रिकामा रकाना खपत नाही. वैद्यकीय खर्चाच्या बिलावर आजाराचे नाव नसेल तर कागद परत जातो. इतिहासाचे तसे नाही. तिथला रिकामा रकाना कुणी ना कुणी भरून टाकतो, आणि मूल आजारी असेल तर तो बहुधा आईच्या नावाने भरला जातो. याचे मला ठाऊक असलेले सर्वांत ठसठशीत उदाहरण इंदूरचे आहे, आणि त्यातली आई आहे अहिल्याबाई होळकर!

अहिल्याबाई म्हटले की आपल्याला घाट, देवळे, धर्मशाळा आणि हातात शिवलिंग घेतलेली पांढऱ्या लुगड्यातली मूर्ती आठवते. पण त्याआधीचा काळ पाहा. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव गेले. सती जायला निघालेल्या सुनेला सासरे मल्हाररावांनी मागे वळवले. २० मे १७६६ रोजी मल्हाररावही आलमपूर येथे वारले. दौलतीचा वारस उरला अहिल्याबाईंचा एकुलता एक मुलगा, मालेराव. वय जेमतेम एकवीस. पेशव्यांकडून त्यांना सुभेदारीची वस्त्रे मिळाली आणि अवघ्या काही महिन्यांत, १७६७ साली, ते मरण पावले.

या काही महिन्यांत काय घडले ते सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. १८१८ नंतर माळव्याची व्यवस्था त्याच्याकडे होती. तेव्हा जुन्या माणसांकडून ऐकलेले त्याने मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात १८२३ साली छापले. म्हणजे घटना आणि लेखन यांत पन्नासेक वर्षांचे अंतर आहे, हे ध्यानात ठेवूनच वाचायचे.

माल्कम सांगतो की मालेरावांचे चित्त आधीपासूनच अस्थिर होते. ब्राह्मणांना दान द्यायच्या कपड्यांत आणि जोड्यांत ते विंचू ठेवीत, आणि त्यांची फजिती पाहून हसत. आई रडत असे. मग एका कशिदा काढणाऱ्या कारागिराचा वाड्यातल्या दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांनी त्याला ठार केले. तो निरपराध होता हे नंतर कळले आणि मालेरावांचे भान पुरते सुटले. मारलेल्या माणसाच्या पिशाच्चाने त्यांना धरले, असे सगळ्यांनी मानले.

मुलाच्या तोंडून दुसरेच कुणीतरी बोलते, ही गोष्ट आपल्याला गोव्यात नवी नाही. अवसर येणे, देवचाराची बाधा, घाड्याकडे धाव, देवाला प्रसाद लावणे... आपल्या आज्यापणज्यांनी याच वाटा तुडवल्या. अहिल्याबाईंनीही तेच केले. त्या रात्रंदिवस मुलाच्या बिछान्याजवळ बसून राहिल्या आणि त्याच्या तोंडून बोलणाऱ्या त्या मृतात्म्याशी बोलत राहिल्या. तुझे देऊळ बांधते, तुझ्या कुटुंबाला जमीन नेमून देते, पण माझ्या मुलाला सोड, अशी विनवणी त्यांनी केली. उत्तर एकच येई, की मी निरपराध होतो, मी याचा जीव घेणार.

या विनवणीत मला एक गोष्ट फार मोठी वाटते. त्या कारागिराच्या घरी पोटापाण्याचे काय, हा विचार त्या बिछान्याशेजारीही झालेला आहे. त्याचे नाव इतिहासाने ठेवले नाही. त्याच्याही उशाशी कुणी बसायला हवे होते, पण त्याला तेवढी सवडच मिळाली नाही.

मालेरावांना नेमके काय झाले होते? अडीचशे वर्षांनंतर ऐकीव माहितीवरून निदान करणे बरे नव्हे. पण एक योगायोग सांगण्यासारखा आहे. त्याच सुमारास कांदोळीत १७५६ साली जन्मलेला एक मुलगा वाढत होता. तो म्हणजे आबे फारिया. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी निजलेल्या स्त्रीवर हात पसरून उभा असलेला त्यांचा पुतळा आपण येताजाता पाहतो. मोहनिद्रेत माणूस जे बोलतो, करतो, ते बाहेरच्या शक्तीमुळे नाही, ते त्याच्याच मनातून उमटते, असे त्यांनी पुढे पॅरिसमध्ये मांडले. त्यांचे पुस्तक १८१९ साली निघाले. १७६७ च्या इंदुरात हे सांगणारे कुणीच नव्हते. आईला मुलाच्या मनाशी बोलायचे होते आणि ती भुताशी बोलत राहिली.

मालेराव गेले आणि कारभार अहिल्याबाईंनी हाती घेतला. मग रकाना भरायला लोक पुढे सरसावले. मुलाच्या वागण्याला कंटाळून आईनेच त्याला संपवले, अशी वदंता पसरली. माल्कमच्या काळापर्यंत ती युरोपीय लोकांतही पोहोचली होती. त्याने मुद्दाम बारकाईने चौकशी केली आणि अहिल्याबाई पूर्ण निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला. बिछान्याजवळचा प्रसंग आपल्यापर्यंत आला तो या चौकशीमुळे!

दुसरी कथा इंदूरचे लोक आजही अभिमानाने सांगतात. मालेरावांच्या रथाखाली एक वासरू चिरडले. गाय रस्त्यात बसून राहिली. अहिल्याबाईंनी न्याय दिला की मुलाला हातपाय बांधून तिथेच टाका आणि त्याच्यावरून रथ घाला. सारथी तयार होईना, तेव्हा त्या स्वतः रथावर चढल्या. पण गायच पुन्हा पुन्हा आड आली. म्हणून राजवाड्याजवळच्या त्या भागाला आडा बाजार म्हणतात, असे सांगतात.

एक कथा निंदेची, दुसरी स्तुतीची. पण जरा निरखून पाहा, दोन्हींत आई मुलाच्या जिवावर उठलेली आहे! एका कथेत तिला खुनी केले, दुसरीत देवी. हतबल होऊन बिछान्याशेजारी बसलेली चाळिशीतली विधवा बाई दोघांनाही नको होती. राज्यकर्ती म्हणून ती शोभत नव्हती, आणि खलनायिका म्हणूनही.

म्हणूनच मला या चित्रपटांचे मोल वाटते. कितीही रडके म्हणा, ते त्या उशाशी बसण्याला मान देतात. 'लोरेन्झोज् ऑइल'मध्ये तर हा आजार आईकडून मुलाकडे येतो हे कळल्यावर त्या आईची जी तगमग होते, ती औषधाच्या शोधाइतकीच महत्त्वाची आहे. तिथे विज्ञानाने नाव दिले, तरी दोषाचा काटा वळला आईकडेच.

अहिल्याबाईंच्या वाट्याला असे बसणे पुन्हा आले. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुलगी मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने परोपरीने विनवले. मुलीने ऐकले नाही.

असो. २०२१ साली केंद्र सरकारने दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आणले, मुंबईच्या के.ई.एम. इस्पितळासारखी केंद्रे नेमली. नाव मिळण्याची सोय पूर्वीपेक्षा वाढली आहे. पण आजही व्यंग घेऊन मूल जन्माला आले की आपल्या वाड्यावाड्यांवर पहिला प्रश्न बाळंतिणीलाच विचारला जातो, "ग्रहणात काही चिरलं होतंस काय गो?" विचारणारी बाई प्रेमळच असते. तिलाही रकाना रिकामा ठेवायचा नसतो, एवढेच.