अ‍ॅक्रिलिक रंग: भिंतीवर आणि कॅनव्हासवर

कोणत्याही रंगात दोन मुख्य घटक असतात: रंगद्रव्य आणि ते धरून ठेवणारा बंधक. जलरंगात डिंक बंधकाचे काम करतो, तैलरंगात जवसाचे तेल. अ‍ॅक्रिलिक रंगात ते काम पाण्यात विखुरलेले कृत्रिम राळेचे सूक्ष्म कण करतात. पाणी उडून गेले की हे कण एकमेकांत मिसळून सलग, लवचीक पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. या रंगाचे बहुतेक गुण आणि दोष या एका गोष्टीतून येतात.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑटो रोम याने १९०१ साली अ‍ॅक्रिलिक आम्लापासून बनणाऱ्या पदार्थांवर प्रबंध लिहिला. १९०७ साली ऑटो हास याच्या भागीदारीत त्याने रोम अँड हास ही कंपनी काढली. याच नावाच्या अमेरिकी कंपनीने १९५३ साली घराच्या रंगांसाठी पूर्ण अ‍ॅक्रिलिक इमल्शन बाजारात आणले. चित्रकारांसाठी लिओनार्ड बोकूर आणि सॅम गोल्डन यांनी टर्पेंटाइनसारख्या द्रावकात मिसळणारा ‘मॅग्ना’ हा अ‍ॅक्रिलिक रंग १९४०च्या दशकातच बनवला होता. पाण्यात मिसळणारा ‘लिक्विटेक्स’ हेन्री लेव्हिसन यांनी १९५०च्या दशकाच्या मध्यास आणला.

महाराष्ट्रात चित्रकलेच्या साहित्याचा मोठा देशी उद्योग शाईतून उभा राहिला. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी भावाच्या साथीने १९३१ साली मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड व वड्या बनवायला सुरुवात केली. पुढे याच घराण्याची कॅम्लिन चित्रकलेच्या रंगांकडे वळली आणि ‘कॅमल’ छापाचे अ‍ॅक्रिलिक रंग शाळा-महाविद्यालयांपर्यंत पोहोचले. घराच्या रंगांत १९४२ साली मुंबईत सुरू झालेली एशियन पेंट्स देशभर पसरली.

भिंतींच्या रंगांतला बदल वारज्यासारख्या ठिकाणी समजून घेता येतो. मुठेकाठचे हे जुने गाव आता पुण्याचे उपनगर आहे. पुणे परिसरातील खेड्यांत मातीच्या भिंतींना चुन्याची सफेदी देत. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे चुना घट्ट होतो, पण पावसाने झिजतो आणि अंगाला लागतो. म्हणून दसरा-दिवाळीआधी नवा हात मारावा लागे. सिमेंटची घरे आली तशी बाहेरून स्नोसेमसारखा सिमेंटचा रंग आणि आतून डिस्टेंपर रूढ झाले. बाह्यवळण महामार्ग आणि महापालिकेतील समावेशानंतर वारज्यात उंच सोसायट्या वाढल्या. परांची बांधून एवढ्या भिंती वरचेवर रंगवणे परवडणारे नसते, त्यामुळे बाहेरच्या भिंतीसाठी अनेक वर्षे टिकणाऱ्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनला मागणी आली.

नव्या गिलाव्यातील क्षारांमुळे तेलाच्या रंगाचा साबण होऊन पोपडे निघतात. अ‍ॅक्रिलिक ते क्षार सोसते. त्याचा पापुद्रा पावसाचे पाणी अडवतो, तरी आतली वाफ काही प्रमाणात बाहेर जाऊ देतो. भिंतीबरोबर किंचित ताणला गेल्याने बारीक भेगाही कमी उमटतात. मात्र भिंतीत ओल मुरत असेल, लांबी (पुट्टी) कच्ची असेल किंवा प्रायमर टाळला असेल, तर चांगला रंगही फुगतो. तापमान सुमारे १० अंश सेल्सियसच्या खाली गेले तर अनेक अ‍ॅक्रिलिकांचे कण नीट जुळत नाहीत.

कॅनव्हासवर हा रंग पाणी घालून जलरंगासारखा पातळ किंवा तैलरंगासारखा जाड लावता येतो. तो काही मिनिटांत वाळत असल्याने थरावर थर चढवणे सोपे जाते, पण ओल्या छटा एकमेकींत मिसळायला वेळ कमी मिळतो. ओला असताना दुधाळ दिसणारा बंधक वाळल्यावर पारदर्शक होतो, म्हणून छटा गडद भासते. उन्हाळ्यात पापुद्रा मऊ पडून धूळ धरतो; कडक थंडीत तो ठिसूळ होतो. ब्रशवर वाळलेला रंग पाण्याने निघत नाही. ओला रंग मोरीत धुतल्यास प्लास्टिकचे कण सांडपाण्यात जातात, म्हणून उरलेला रंग आधी कागदाने वा फडक्याने पुसून काढावा.